‘या’ म्हणजे ‘जा’ नव्हे: आप्पांच्या अँबॅसिडरमधून दाजीपूर

गेल्या डिसेंबरात आमच्या आप्पांनी अँबॅसिडर मागे घेताना शेजाऱ्यांचं फाटक वाकवलं. गाडीला साधा ओरखडा नाही. "बघ, पत्रा कसला हाय," असं ते फोनवर कौतुकानं सांगत होते आणि मागून आईचा आवाज येत होता, "वैजे, तूच ये आन् ती किल्ली घिऊन जा बाई."

आप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं आयुष्य गेलेलं. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा जो पार्ट बाजारात मिळत नाही तो आप्पा स्वतः बनवतात, त्यामुळे ती निवृत्तीचं नाव काढत नाही आणि तेही काढत नाहीत. मी पुण्यात राहते, गिअर नसलेली गाडी चालवते, आणि घरातली शहाणी म्हणून किल्ली काढून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आप्पा सरळपणे किल्ली देतील तर ते आप्पा कसले. त्यांनी पैज लावली. कोल्हापूर ते दाजीपूर आणि परत, एका दिवसात, मी शेजारी बसायचं. "वाटंत तीन चुका झाल्या तर किल्ली तुझी. न्हाय झाल्या तर ह्यो विषय परत काढायचा न्हाय." मी कबूल झाले. खरं सांगते, मी जिंकणार याची मला खात्री होती, आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

जानेवारीतला शनिवार. सकाळी सातला निघालो. डिकीत पाण्याचे दोन कॅन (एक आमचा, एक रेडिएटरचा), चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, लाल फडकं आणि आईनं दिलेला चिवडा. पेट्रोलची टाकी कोल्हापुरातच फुल करून घ्या. आमची बाई लिटरला नऊ देते, तेही मूड असेल तर. रंकाळ्याजवळ मिसळ खाल्ली. आप्पांनी कट दोनदा मागवला आणि तिखट लागत नाही म्हणून तक्रार केली, डोळे पुसत.

पहिली चूक शहर सुटायच्या आतच झाली. आप्पांना इंडिकेटरवर विश्वास नाही. उजवीकडे वळताना त्यांनी खिडकीतून अख्खा हात बाहेर काढला. मागचा दुचाकीवाला त्याच बाजूनं घुसत होता. तो करकचून थांबला आणि म्हणाला, "आजोबा, हात आत घ्या की. तुटंल."

"एक," मी म्हणाले.

"मी दावला की हात."

"दाखवून भागत नाही, आप्पा. खूण समोरच्याला कळली पाहिजे." हे वाक्य मी फार मास्तरणीच्या थाटात म्हणाले. पुढं ते मलाच भोवणार होतं.

कोल्हापूर ते राधानगरी पंचावन्न किलोमीटर. नकाशा दीड तास सांगतो, पण उसाच्या हंगामात अडीच धरून चाला. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध निवांत चाललेले असतात आणि गाणी एवढी मोठ्यानं लावलेली असतात की तुमचा हॉर्न त्यात कोरस वाटतो. आप्पांनी एकालाही घाईनं ओलांडलं नाही. हळदी गावाच्या पुढं थांबून मी उसाचा रसही पिऊन घेतला.

राधानगरी मागं पडली की झाडी दाट होते आणि वळणं सुरू होतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडांमधून दिसणारं धरणाचं पाणी, आणि पुढचं काहीच न दिसणारा रस्ता. इथं मात्र आप्पांचा हात बघत राहावा. जुन्या गाडीचा ब्रेक एका दाबात लागत नाही, दोनदा दाबावा लागतो. म्हणून ते वळणाच्या आधीच स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून दुसऱ्या गिअरमध्ये येत, लांब हॉर्न देत, डावी बाजू धरत आणि मग आत शिरत. वळणात शिरल्यावर ब्रेकला पायसुद्धा नाही.

"नियम एकच," ते म्हणाले. "जेवढं दिसतंय, त्याच्या निम्म्यात गाडी थांबाय पायजे. निम्मं आपलं, निम्मं समोरच्याचं."

मी हे मोबाईलमध्ये लिहून घेतलं. तुम्हीही घ्या, नव्या गाडीलाही चालतं.

आणि त्याच्या पुढच्याच वळणावर त्यांची दुसरी चूक झाली. उन्हातून दाट सावलीत शिरलो आणि रस्त्याच्या कडेला, निम्मी लेन अडवून, खडीचा ढीग होता. मला दिसला. त्यांना उशिरा दिसला. दोनदा ब्रेक, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, आणि ढिगाला घासून आम्ही पुढं गेलो. समोरून काही येत नव्हतं हे आमचं नशीब.

मी "दोन" म्हणाले नाही. आप्पाच म्हणाले, "दोन." सावलीत त्यांना कमी दिसतं हे आम्हा दोघांनाही त्या क्षणी कळलं होतं.

दाजीपूर सुंदर आहे. धरणाच्या फुगवट्याच्या काठाला बसलं की वाऱ्याशिवाय आवाज नाही. आत जंगलात जायचं तर गाडी तिथलीच ठरवावी लागते, आपली चारचाकी म्हातारी न्यायचं धाडस करू नका. आणि जेवण आधी फोन करून सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून केळी आणि चिवड्यावर भागवलं. दोन वाजता निघताना आप्पांनी उजवं दार उघडून मला खूण केली.

"उतरताना तू घे. तुला बी कळूदे."

त्यांना पुढच्या सावल्यांची भीती वाटत होती की मला शिकवायचं होतं, मी विचारलं नाही. पहिल्या पाच मिनिटांत मी गाडी तीनदा बंद पाडली. मग जमायला लागलं. दुसरा गिअर, लांब हॉर्न, डावी बाजू. आप्पा डावीकडे बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होते.

सकाळच्या खडीच्या थोडं अलीकडे एक आंधळं वळण आहे. सकाळी तिथं काही नव्हतं. आता वळणाच्या तोंडाशी करंजाच्या झाडाखाली तीन बायका आणि एक माणूस जेवायला बसले होते. माणसाचा लाल झेंडा शेजारी दगडांत खोचलेला. म्हणजे रस्त्याचं काम. मी गाडी थांबवली. त्यानं आमच्याकडे बघितलं. तोंडात घास होता, म्हणून त्यानं हातानं खूण केली, आत ओढल्यासारखी, दोनदा. मग घास गिळून म्हणाला, "या की पावणं, या."

रस्ता मोकळा असल्याचं कळल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. क्लच सोडला.

"थांब," आप्पा म्हणाले. "जेवाय बोलवतोय त्यो."

तोवर गाडी वळणात शिरली होती. पुढं अर्धा रस्ता खणलेला, आणि उरलेल्या अर्ध्यावरून रोलर मागं मागं आमच्याकडे येत होता. त्याच्या ड्रायव्हरची पाठ आमच्याकडे. मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. "दोनदा," आप्पा शांतपणे म्हणाले, आणि हात लांब करून हॉर्न दाबून धरला. मी परत दाबला. गाडी थांबली. रोलरही थांबला, मध्ये जेमतेम एक बैलगाडी मावेल एवढं अंतर ठेवून.

मी इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.

झेंडेवाला हातातल्या भाकरीसकट पळत आला. "पावणं, मी जेवाय या म्हणलो. म्होरं जावा कुठं म्हणलो?"

"मला वाटलं रस्ता..."

"जेवताना कुणी दिसलं तर या म्हणाय लागतंय की," तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "पर झेंडा खोचून बसलो, हे माझंबी चुकलंच. जेवताना बी एकानं हुबं ऱ्हायाय पायजे."

मी कोल्हापुरात जन्मले, वाढले. घास हातात असताना येणाऱ्याजाणाऱ्याला ‘या’ म्हणायचं, हे आई मला पाटावर बसवून शिकवत होती. वीस वर्षं पुण्यात राहून मी ते विसरले. मला फार लाज वाटली.

आप्पा मात्र खूश होते. "खूण समोरच्याला कळाय पायजे," ते माझ्याच थाटात म्हणाले. "कोण म्हणलं बरं सकाळी?"

मग बोलावलंच आहे म्हणून आम्ही खरोखर जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, मिरचीचा खर्डा. आमचा उरलेला चिवडा त्यांच्यात फिरला. एक मावशी झेंडा घेऊन वळणावर उभी राहिली आणि मग ती जेवून होईपर्यंत झेंडेवाला. आप्पांनी त्याला डिकीतलं लाल फडकं दिलं, कामाच्या दुसऱ्या टोकाला बांधायला.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. शेवटपर्यंत गाडी मीच चालवली, फाटकातून आतसुद्धा मीच घेतली. मी किल्ली त्यांच्यासमोर धरली. तिसरी चूक माझी होती, पैज ते जिंकले होते.

आप्पांनी माझी मूठ मिटवली. "तीन चुका झाल्या तर किल्ली तुझी, असं ठरलंतं. कुणाच्या, ते कुठं ठरलंतं?"

मला रडू आलं. आईला वाटलं अपघात झाला.

तर किल्ली आता पुण्यात माझ्या दाराशेजारच्या खिळ्यावर आहे. सोसायटीच्या पार्किंगच्या वळणावर मी लांब हॉर्न देते, वॉचमन वैतागतो. दर दुसऱ्या शनिवारी कोल्हापूरला जाते आणि आम्ही कुठंतरी जातो. पुढच्या वेळी आप्पांना चष्म्याचा नंबर तपासायला न्यायचं आहे, त्याला ते अजून तयार नाहीत.

परवा आईनं फोनवर सांगितलं. आप्पा रोज सकाळी गाडी पुसतात, मग कधीच कुलूप न लागणारं दार उघडून तासभर आत पेपर वाचत बसतात.

"परत स्टिअरिंगला बसतात?" मी विचारलं.

"न्हाय गं," आई म्हणाली. "डाव्या बाजूला."