पाढे म्हणत चालणारा दीपक

दीपक गावणंग आमच्या खाणीत जांभ्या दगडाचे चिरे वाहायचा. गोळपच्या सड्यावरची, उघड्या कातळमाळावरची खाण. मी टिकावाने चिरा काढायचो, तो खालून उचलून ट्रकपर्यंत न्यायचा. एक चिरा पस्तीस किलोच्या आसपास. दिवसाला शंभरावर खेपा. पाच वर्षांत त्याने चिरा टाकलेला मी पाहिला नाही. ठेवायचा. टाकला की कोपरा फुटतो आणि चिरा वाया जातो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दिवस कलल्यावरही ते लक्षात ठेवून कमरेत वाकणारा तो एकटाच.

२००३ साली त्याने वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरला. बारावी झालेला होता. भरतीत चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं होतं. पळायचं नाही. वयाच्या अटीत बसणारं हे त्याचं शेवटचं वर्ष. "या वेळी नाय झालं, तर चिरे हायतच," असं तो म्हणायचा. पण त्याला चिरे नको होते, हे मला दिसत होतं.

काम सुटलं की तो भाट्याच्या पुलापर्यंत उतरायचा आणि तसाच चढून परत यायचा. रविवारी पुरे पंचवीस. सहा महिने एकही दिवस चुकला नाही. जानेवारीत तो पावणेचार तासांवर आला.

परीक्षेला तेवीस दिवस उरले असताना त्याला खोकला धरला. खाणीत खोकल्यावर एकच औषध माहीत होतं, घाम. अंगावर गोणपाट घ्यायचं आणि कामाला लागायचं. मी तीस वर्षं तेच केलं होतं. त्यालाही सांगितलं, "गोणपाट पांघर आणि चढ जोरात मार. घाम निघाला की छाती मोकळी होते."

त्याने ऐकलं. तिसऱ्या दिवशी श्वासाबरोबर छातीत शिट्टी वाजायला लागली आणि अंग तापलं. मी बघायला गेलो तर त्याची बायको काशी दारातच उभी होती.

"अण्णा, तुमचं औषध पुरं झालं. माणूस हाय तो, चिरा नाय."

मी उंबऱ्यावरूनच माघारी फिरलो.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं, छातीत कफ धरलाय. ताप उतरेपर्यंत पडून राहायचं. मग चाला, पण चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला की तिथून मागे फिरायचं. हे ऐकलं नाही तर परीक्षा विसरा.

असा माणूस घरात पडून राहणार नाही, असं मला वाटलं होतं. तो चार दिवस पडून राहिला. कुळथाचं कढण प्यायला, वाफ घेतली, आणि एकदाही उंबऱ्याबाहेर आला नाही. त्याचे पाय वळवळत होते, असं काशी सांगायची. दुखणाऱ्या अंगाने काम करणारे मी पुष्कळ पाहिले होते. असा थांबणारा पाहिला नव्हता.

पाचव्या दिवशी तो रस्त्यावर आला. एकटा चालताना बोलणार कोणाशी? म्हणून पाढे. तोंडाने मोठ्याने पाढे म्हणत चालायचा. पाढा तुटला की तिथूनच माघारी.

आमचे चिरे नेणारा गफूर ट्रक हळू करून ओरडायचा, "काय मास्तर, आज कितीचा?"

"तेराचा."

"माझ्या पोरीला घेऊन येतो उद्या. शाळंत काय शिकवत नाय तिला!"

दीपक हसायचा. हसला की खोकला यायचा, आणि खोकला आला की मागे फिरायचा. एकदा मी सोबत होतो. तेरा सक अठ्ठ्याहत्तरला त्याचा आवाज चिरला. तिथून चढ संपायला पन्नास पावलं राहिली होती.

"वरपर्यंत चल की," मी म्हटलं.

"पन्नासच हायत म्हणून तर नको," तो म्हणाला आणि वळला.

दुसऱ्या आठवड्यात वीसपर्यंतचे पाढे न तुटता झाले. मग त्याने चाल वाढवली, पण रोज थोडीच. परीक्षेआधी पुरे पंचवीस त्याने एकदाही चालून पाहिले नाहीत. मला धास्ती होती. त्यालाही असणार.

परीक्षेच्या दिवशी गफूरने मला गाडीने नेलं, आणि रस्त्याच्या कडेने आम्ही चालणाऱ्यांच्या मागोमाग राहिलो. पोरं सुटली तीच दौडल्यासारखी. दीपक मागच्या घोळक्यात. पहिल्या दहा किलोमीटरला त्याच्यापुढे निदान साठजण होते. ऊन चढलं तसे ते एकेक करून कडेला बसायला लागले. विसाव्या किलोमीटरजवळ दीपकला खोकल्याची उबळ आली. तो थांबला नाही, पण चाल उतरवली, चांगली एक किलोमीटरभर. मागून चारजण त्याच्यापुढे गेले. गफूर माझा दंड धरून म्हणत होता, "अण्णा, हाक मारा त्याला, हाक मारा." मी मारली नाही. गोणपाट पांघर म्हणून माझं एकदा सांगून झालं होतं.

मग त्याची पावलं पुन्हा लांब पडायला लागली.

तीन तास बावन्न मिनिटं. जानेवारीपेक्षा सात मिनिटं जास्त, वेळेपेक्षा आठ मिनिटं कमी. तो लगेच बसला नाही, सावलीत फेऱ्या घालत राहिला. मी पाणी दिलं.

"किती?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"आठ मिनिटं उरली? म्हणजे शेवटाला उगाच घाई केली मी."

पुढच्या महिन्यात निवडीची यादी लागली. नाव खालून तिसरं होतं. खाणीतून जायच्या आदल्या दिवशी त्याने ठरलेल्या खेपा पुऱ्या केल्या, आणि शेवटचा चिराही वाकून ठेवला.