सुमनताईंचा नवा अल्बम

नवा अल्बम तयार झाला की सुमनताई तो आधी घाटनांदूर ते अंबाजोगाई जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये वाजवायच्या. ड्रायव्हर इकबालभाई त्यांच्या ओळखीचे. पेनड्राइव्ह त्यांच्या हातात द्यायचा आणि स्वतः डोक्यावर पदर घेऊन मागच्या सीटवर, बाजाराला निघालेल्या बायकांत बसायचं. हे संगीत त्यांचं आहे, हे इकबालभाईंशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं.

मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात होतो. आमचा एक रॉक बँड होता, म्हणजे तीन पोरं आणि एक उसना ड्रमसेट. मांडीवर गिटार घेऊन मी त्या जीपमध्ये कोंबून बसलेलो, आणि स्पीकरमधून काहीतरी विलक्षण वाजत होतं. शब्द नव्हते. पाण्याच्या मोटरीसारखी एक घरघर हळूहळू ताल धरत होती आणि तिच्यावर कीबोर्डची एक उदास ओळ पुन्हापुन्हा येत होती.

"इकबाल, ती गिरणी बंद कर बे!" पुढून एक आजोबा ओरडले. सगळी जीप हसली. सर्वांत मोठ्यानं सुमनताई हसल्या.

मी म्हणालो, "राहू द्या ना. चांगलं आहे. कुणाचं आहे हे?"

हसणं थांबवून त्या माझ्याकडे वळल्या. "काहून चांगलं हाय? सांग की."

मला धड सांगता येईना. शेवटी म्हणालो, "खालचा आवाज जरा जास्त झालाय. त्यात कीबोर्ड बुडतो."

"हां," त्या म्हणाल्या. "मला बी तेच वाटलं. घरी कळत न्हाई बघ." मग हळूच म्हणाल्या, "माझंच हाय ते."

त्यांचे यजमान लग्नाकार्यात स्पीकर आणि कीबोर्ड घेऊन जायचे. ते अचानक गेले तेव्हा दिरांनी धंदा विकला. सुमनताईंनी फक्त कीबोर्ड आणि जुना कॉम्प्युटर मागून घेतला. मुलगा विकास पुण्याला शिकायला गेल्यावर घर रिकामं झालं, आणि त्या इंटरनेटवर बघत-बघत शिकल्या. मोबाईलवर आवाज टिपून आणायच्या. हापशाचा, भाकरी थापण्याचा, पत्र्यावर भांडणाऱ्या साळुंक्यांचा. त्यांतून तुकडे कापून ताल बांधायच्या. आमचा बँड पुढं मोडला, पण मी त्यांच्याकडे जात राहिलो. गिटारचे दोन-चार तुकडे त्यांच्यासाठी वाजवलेही. मी फार वाजवलं की म्हणायच्या, "बाबा, आवाजाला बी बसायला जागा लागती. तू सगळ्या सतरंजीवर झोपतोस."

त्यांचा दुसरा अल्बम इंटरनेटवर आला आणि त्याच आठवड्यात विकाससाठी मुलगी बघायला जायचं ठरलं. मुलीकडचे माजलगावकडचे, मोठी शेती, मोठी माणसं. तिथं काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. मुलीच्या काकांनी सहज विचारलं, "विहीणबाई काय करतात?" दीर घाईनं म्हणाले, "वहिनी घरीच असतात. भजनं ऐकतात."

"न्हाई," सुमनताई म्हणाल्या. "मी संगीत करते. नवा अल्बम परवाच निघाला." आणि त्यांनी मोबाईलवर तो लावलासुद्धा.

हातातले पोहे तसेच ठेवून मंडळी ऐकत राहिली. एका बाईनं विचारलं, "म्हंजे डीजे का?" दोन दिवसांनी नकार आला.

विकास संतापला. "आई, एक दिवस गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"एक दिवस बसले असते रे. पन सून आल्यावर रोजच बसावं लागलं असतं."

तो पुण्याला निघून गेला आणि त्यानं फोन करणं बंद केलं. ताईंनी त्याला फोन करून पाहिले, मग तेही सोडलं. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी काही केलं नाही. कीबोर्डवर चादर घातली होती. मी एकदा म्हणालो, "तुम्ही बरोबरच केलंत." त्या म्हणाल्या, "बरोबर केलं म्हनून जेवन थोडंच जातंय?"

विकासचा फोन आला तो लग्न ठरल्याचा. मुलगी त्याच्याच ऑफिसमधली, पल्लवी. पुण्यात साधं लग्न होतं. मीही गेलो होतो. सासरच्या एका पाहुण्याशी ओळख करून देताना विकास क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "ही माझी आई. संगीतकार आहे." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलल्या त्या एवढंच, "संगीतकार म्हनू नको. लोक पेटी आनून ठेवतील पुढं."

घरी परतल्या आणि पहिल्यांदा त्यांनी ती चादर काढली. तिसरा अल्बम जवळजवळ झाला होता, तेव्हा एके सकाळी कॉम्प्युटरसमोरच त्यांचं हृदय थांबलं.

दहाव्यानंतर मी गेलो, तर पल्लवी हेडफोन लावून बसली होती. शेवटची रचना अर्धीच होती. तिनं मला विचारलं, "तुम्ही त्यांच्यासोबत वाजवलंय. पुरी कराल?"

मी काही बोलायच्या आत विकास म्हणाला, "नको. आईनं जिथं सोडलंय तिथंच राहू दे."

अल्बम तसाच निघाला. शेवटच्या रचनेत हापशाचा ताल रंगात येतो, कीबोर्ड एक ओळ सुरू करतो आणि मध्येच सगळं थांबतं. इंटरनेटवर कुठले-कुठले अनोळखी लोक अजून त्या रचनेखाली लिहितात, फाईल खराब दिसते, पूर्ण टाका.

विकास प्रत्येकाला स्वतः उत्तर देतो. "फाईल चांगली आहे. एवढीच आहे."