न पुसलेली फरशी

आमच्या गल्लीत त्यांना सगळे फिनेलमामा म्हणतात. मोठ्या दवाखान्यात ते सफाईला आहेत. तो वास अंगात इतका मुरलाय की जिन्यात आधी वास येतो, मग मामा येतात, आणि मामा वर गेले तरी वास थोडा वेळ खालीच रेंगाळतो. या नावाचं त्यांना वाईट वाटत नाही. उलट ऐटच आहे.

"डॉक्टर चुकला तर एक पेशंट जाईल," ते सांगतात, "मी चुकलो तर अख्खा वॉर्ड आडवा होईल."

असं म्हणून मिशीवरून बोट फिरवतात. समोरच्याने मान डोलवायचीच असते. मला अशी माणसं आवडतात, आपल्या कामाची मिजास असलेली. हात चोळत 'आम्ही काय बुवा साधी माणसं' म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

गोदामामागे एक कुत्री टेम्पोखाली गेली. तिची तीन पिल्लं खोक्यात कुंईकुंई करत राहिली. रस्त्यावरच्या जनावरांचं काम आम्ही काही जणी करतो. पिल्लं कुणाच्या तरी घरी थोडे दिवस ठेवायची, लस टोचायची, मग कायमचं घर शोधायचं. हळहळायला अख्खी गल्ली जमली होती. ठेवून घेता का, असं विचारल्यावर एकेकाला आठवायला लागलं. कुणाला शिंका येतात, कुणाकडे पाहुणे यायचेत, कुणाचा घरमालक खवट आहे. मी तोंड सोडणार, इतक्यात मामा गर्दीतून पुढे आले.

"आण इकडे ते खोकं. माझी फरशी चाटली तरी पोटात दुखणार नाही, एवढी स्वच्छ असते."

मागे मामींनी कपाळाला हात लावला. पण खोकं त्यांनीच उचललं.

गोल गरगरीत होता तो ढब्बू. कशावरही भुंकून हरकत घ्यायचा तो वकील. आणि ओंजळीत मावेल एवढी ती चिमटी. "मला नाही बाई कुत्र्यांची आवड," असं मामी सांगायच्या, तेव्हा चिमटी त्यांच्या मांडीवर झोपलेली असायची. मऊ भात, कुस्करलेलं अंडं, एवढ्यावर तिघंही बाळसं धरायला लागली. पहिली लस झाली. दुसरी व्हायची होती.

मग मामांनी मोबाईलवर तो पैलवान पाहिला.

तेल लावलेले दंड, शेजारी घोड्याएवढी कुत्री. तो म्हणत होता, शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, कुत्र्याला कच्चं मांस घाला. पुढे त्याने आणखी काही सांगितलंही असेल. मामांनी तेवढ्यावरच मोबाईल खिशात टाकला आणि पिशवी घेऊन बाहेर पडले. कोंबडीची कच्ची कलेजी आणली, बारीक केली आणि तिघांच्या ताटल्या भरल्या. भात त्याच दिवशी बंद. पिल्लांनी ताटल्या चाटून लख्ख केल्या. मामा खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींचा फोन आला. "ताई, ये गं लगेच. पिल्लांचं काहीतरी बिनसलंय आणि हे तोंडातून शब्द काढत नाहीत."

दार उघडलं तर डोळे चुरचुरले. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. सगळी फरशी ओली, आरशासारखी. ढब्बू भिंतीला टेकून बसलेला, तोंडातून लाळेची तार लोंबतेय. चिमटी मामींच्या मांडीवर, मान एका बाजूला पडलेली. वकील माझ्याकडे बघत होता, पण भुंकला नाही.

"काय होतंय?"

"जुलाब," मामी म्हणाल्या. "पहाटेपासून. उलट्या पण."

"कसे जुलाब? नुसतं पाणी? शेंबूड होता? रक्त?"

मामा पोछा पिळत होते. त्यात पिळायला काही उरलं नव्हतं.

"मामा, तुम्हाला विचारतेय. लाल दिसलं का?"

"नाही सांगता येणार."

"म्हणजे काय?"

"बघायच्या आधी पुसलं."

"थेंब पडू देत नाहीत ताई!" मामींचा आवाज चढला. "पिल्लू शेपूट वर करतंय तोवर हे पोछा घेऊन मागे उभे. चिमटीला धड बसूसुद्धा दिलं नाही. अहो, घर आहे हे, तुमचं ऑपरेशन थेटर नाही! आणि पैलवानाचं सांगा की. ताईला कळू दे."

पैलवानाचं कळलं. माझ्या जिभेवर जे आलं ते छापण्यासारखं नाही. पण मामांच्या हातातल्या पोछ्याचा दांडा फरशीवर टकटक वाजत होता. मी जीभ चावली.

कारण माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, पार्व्हो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. लस पुरी न झालेल्या पिल्लांना होतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि सकाळी बुटाची नाडी ओढणारं पिल्लू संध्याकाळी चिंधीसारखं पडतं. मी एक अख्खं खोकं रिकामं झालेलं पाहिलंय. कच्च्याने पोट बिघडलं असेल तर सावरता येतं. पार्व्हो असेल तर चिमटीसारखी आधी जातात. आणि दोन्हींची सुरुवात दिसायला सारखीच.

"चला," मी म्हणाले. "ओरडायला नंतर वेळ आहे."

जनावरांची डॉक्टरीणबाई फार बोलत नाही, हे मला माहीत होतं. मामांना माहीत नव्हतं. तिने चिमटीला टेबलावर घेतलं, ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. तिथे पांढरा ठसा उमटला. लाली परत यायला वेळ लागला. फार वेळ. मग तिने पोट चाचपलं, काडीला मळ लावून घेतला, पार्व्होच्या तपासणीच्या पट्टीवर सोडला आणि मामींना हळू आवाजात काहीतरी विचारलं.

मामांनी माझं कोपर धरलं. "ती हळू बोलतेय."

"मग?"

"आमच्याकडे डॉक्टर ओरडत असतात तोवर पेशंट असतो. हळू बोलायला लागले की मला हाक मारतात. बादली घेऊन ये."

"मामा, गप्प बसा हो."

"खरं सांगतो ताई. जन्म गेला माझा त्या दवाखान्यात, पण आजारपण मी बघितलेलं नाही. मी जातो तेव्हा पलंग रिकामा असतो. माझे वडील तिथेच गेले. मी खाली जिना पुसत होतो. एकच जिना, परत परत. वर चढलोच नाही." त्यांनी कोपर सोडलं नाही. "पट्टीवर काय आलं तर वाईट?"

"दोन रेघा."

आम्ही पट्टीकडे बघत उभे राहिलो. एक रेघ उमटली. दुसरीच्या जागी काही आहे की नाही, तेच कळेना. मला वाटलं आहे. डोळे मिटून परत बघितलं. मामींनी तर तोंड फिरवूनच घेतलं होतं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण एवढ्यात उड्या मारू नका. अगदी सुरुवातीला ही पट्टी फसवते कधीकधी. आज नाही म्हणाली म्हणून उद्या नाहीच, असं नाही."

मग तिने चिमटीचा पंजा उचलून नाकाशी नेला. "हे काय आहे?"

"फिनेल," मामा म्हणाले. "उत्तम प्रतीचं."

"पाणी किती घालता?"

मामांची मान खाली गेली. आजारपण घरात शिरलंय म्हटल्यावर ते पाणी घालतच नव्हते.

"पिल्लं फरशीवर चालतात," ती म्हणाली, आवाज तसाच, "आणि पंजे चाटतात. परवापर्यंत भात, काल एकदम कच्चं, तेही नुसती कलेजी. मोठा कुत्रासुद्धा हगवणीने बेजार होईल. त्यावर हे विष. जीभ बघा हिची, लाल झालीये."

मामींनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिमटीच्या कातडीखाली सलाइन भरलं. मानेमागे उंटासारखं टेंगूळ आलं. बाकी सगळं घरी करायचं होतं. पंजे साबणाने धुवायचे. फरशीला नुसतं पाणी. कच्चं पूर्ण बंद. शिजवलेली कोंबडी तंतू-तंतू करून मऊ भातात, चमचाभर, थोड्या थोड्या वेळाने. औषधाच्या पुडीचं पाणी थेंबाथेंबाने. फारच मलूल झाली तर हिरडीला मध चोळायचा.

"कच्चं घालायचीच हौस असेल तर मग बघू," ती म्हणाली. "पोट ठिकाणावर आल्यावर, चिमूट-चिमूट वाढवत, मला विचारून. माझं मत विचाराल तर शिजवूनच द्या. आणि मामा, आजपासून पुसायचं नाही. जे पडेल ते आधी नीट बघायचं. रंग, वास, शेंबूड, रक्त. फोटो काढून मला पाठवायचा. लाल दिसलं तर पिल्लू घेऊन तडक इकडे."

"फरशीवर तसंच ठेवायचं?" मामांनी असं विचारलं, जसं कुणी त्यांना रस्त्यात कपडे उतरवायला सांगितलंय.

"बघून होईपर्यंत तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दारातच मामींनी थांबवलं. "सांभाळून. पाय कुठे ठेवतेस बघ."

खोलीभर वाट्या पालथ्या घातल्या होत्या. इथे एक, तिथे दोन, पलंगाखाली एक.

"एकेकीखाली एकेक नमुना आहे," मामी म्हणाल्या. "फोटो नीट येत नाहीत, हात हलतो, म्हणून तुला दाखवायला ठेवलेत म्हणे. माझ्या लग्नातल्या वाट्या! आता यांत जेवणार कोण, तुमचा पैलवान?"

मामांनी ते कानावर घेतलं नाही. ते फरशीवर मांडी घालून बसले होते. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. ढब्बूने चमचाभर भात खाऊन पचवला होता. वकील एका वाटीवर भुंकला, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. पण चिमटी टॉवेलवर तशीच पडली होती. मामा तिच्या हिरडीवर अंगठा दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे.

"येतेय का लाली? तू बघ. मला आता सगळंच पांढरं दिसतंय."

"येतेय. पण दाबू नका हो सारखं, दुखेल तिला."

"मी कामावर नाही गेलो," ते म्हणाले. "म्हटलं, आपण गेलो आणि इकडे..."

तेवढ्यात चिमटीचं पोट आत ओढलं गेलं, तोंडातून पांढरा फेस आला आणि तिचे डोळे अर्धे मिटले. मामींनी मधाची बाटली माझ्या हातात कोंबली. मी हिरडीला मध चोळत राहिले. जीभ गार लागत होती. मला त्या रिकाम्या खोक्याची आठवण यायला लागली, आणि मी स्वतःवरच चिडले. मामांनी हळूच दाराकडे पाहिलं. त्या जिन्यावर पळून जावंसं वाटणाऱ्या माणसाचं ते बघणं होतं. मामींनाही ते दिसलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "बसा इथेच."

मामा बसले.

पुष्कळ वेळाने जीभ हलली. माझ्या बोटावरचा मध तिने चाटला. मग पुडीचं पाणी, थेंब थेंब. आणखी खूप वेळाने ती चार पायांवर उभी राहिली, झोकांडी खाल्ली, टॉवेलवरून उतरली आणि कोपऱ्यात जाऊन गोल फिरायला लागली.

मामांचा हात आपोआप पोछ्याकडे गेला.

"अहो!"

हात मागे आला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. चिमटी वाकली, थरथरली, आणि झालं. मामा गुडघ्यांवर पुढे सरकले, इतके की नाक टेकायचं राहिलं.

"काय आहे?" मामींनी विचारलं. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "बोला ना हो."

"काळपट आहे." ते थांबले. "पण पाणी नाही. आकार आहे थोडा. शेंबूड आहे, एवढासा. लाल..." त्यांनी मान वळवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. "लाल नाही. कुठेच नाही."

फोटो मी काढला. डॉक्टरीणबाईचा लगेच फोन आला. चांगलं लक्षण आहे म्हणाली, चमचाभर खायला द्या, पण अजून धोका टळला असं धरू नका, डोळ्यात तेल घालून बघत राहा. तिचा आवाज फोनवरही तेवढाच हळू होता. मामा तो कान देऊन ऐकत होते.

चिमटी मामींच्या मांडीवर चढायचा प्रयत्न करत होती आणि घसरत होती. मामींनी तिला वर घेतलं, डोळे पुसले आणि पाण्यात भिजवलेलं फडकं पुढे केलं.

"पुसू आता?"

"थांब," फिनेलमामा म्हणाले. "अजून एकदा बघू दे."