माणशी सोळा शर्ट

सकवारबाईंनी गुम्मिडिपूंडीच्या शर्टांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं फक्त कॉलरी शिवल्या. तंजावरी मराठी घरातली ही बाई कमी बोलणारी, पण हाताखालच्या चौदा बायकांच्या कॉलरीचं टोक जरा बोथट निघालं की टाके उसवायला लावणारी.

२००५ साली कपड्यांच्या निर्यातीवरची देशागणिक कोट्याची मर्यादा उठली, स्पर्धा वाढली, आणि मालकांनी पुण्याहून उपेंद्र नावाचा तरुण मॅनेजर आणला. त्याने दारातच मोठा फळा टांगला: ‘रोजचे शर्ट, दर माणशी’. अठ्ठेचाळीस माणसं, आकडा अकरा. उपेंद्रला सोळा हवे होते.

तीन महिने तो घड्याळ घेऊन बायकांच्या मागे उभा राहिला. चहाची सुटी चार मिनिटांनी कापली. आकडा अकरावरून हलेना. मग त्याला सुचलं, कॉलरी बाहेरून विकत घ्यायच्या! शर्ट तेवढेच, माणसं पंधरा कमी.

“मग आम्ही कुठं जायचं, सार?” सकवारबाईंनी विचारलं.

“रस्त्यापलीकडे ठेकेदाराने शेड घेतली आहे. आपली कॉलरची मशिनंही त्यालाच दिलीत. तुम्हाला सोमवारपासून तिथेच काम.”

सकवारबाईंनी हजेरीचं कार्ड परत दिलं. सोमवारी पंधराजणी रस्ता ओलांडून गेल्या. मशिनं तीच, कॉलरी त्याच. पगार कमी आणि डोक्यावर पंखा नाही. कॉलरी हातगाडीवरून कारखान्यात ‘खरेदी’ म्हणून येऊ लागल्या. फळ्यावर सोळा झळकले. मालकांनी मैसूरपाक वाटला, कारखानदारांच्या संघाने उपेंद्रला शाल दिली. शेडमधल्या उकाड्याने कॉलरींना घामाचे डाग पडू लागले, तेव्हा ते धुवायला तीन बायका ठेवल्या. त्या ठेकेदाराच्या, म्हणून मोजल्या गेल्या नाहीत.

पुढे परदेशी खरेदीदारीण आली. कॉलर बघून खूश झाली, शिवणारीला भेटायचं म्हणाली. सकवारबाईंना बोलावणं गेलं.

“उत्पादकता एवढी कशी वाढली, विचारतायत,” उपेंद्र म्हणाला.

“आम्ही रस्ता ओलांडला, सार.”

उपेंद्रने इंग्रजीत सांगितलं, “सगळ्यांनी एकजुटीने काम केलं, असं म्हणतायत.”

पाहुणी गेल्यावर तो हळूच म्हणाला, “सकवारबाई, आता बावीस कसे करायचे?”

त्यांनी मनापासून विचार केला. “बाह्यापण बाहेर द्या की.”

त्याने ते वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात बाह्या शिवणाऱ्या नऊजणी शेडमध्ये आल्या. फळ्यावर बावीस लागले. आता रस्त्याच्या अलीकडे चोवीस माणसं होती आणि पलीकडे, त्या तीन धुणाऱ्या सोडून, चोवीस.

सकवारबाईंनी ठेकेदाराला गाठलं. “पंखे लावा आणि जुना पगार द्या. नाहीतर उद्यापासून कॉलरी नाहीत, बाह्या नाहीत.”

ठेकेदार कारखान्यात धावला. तिथे कॉलर शिवता येणारं एकही माणूस उरलं नव्हतं. उपेंद्रने ठेकेदाराला कॉलरी-बाह्यांचा दर वाढवून दिला. फळ्यावर दराचा रकाना नव्हताच, त्यामुळे आकड्याला धक्का लागला नाही. दिवाळीनंतर त्याला बढती मिळाली आणि तो कोइंबतूरच्या मोठ्या कारखान्यात गेला.

शेडमध्ये नव्या पंख्याखाली सकवारबाई बाह्यावाल्या नऊजणींना कॉलर शिकवायला बसल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना टाके उसवायला लावले.