पोटापुरती जागा

सौदीतल्या खमीस मुशैत शहराच्या हॉस्पिटलात मी प्लास्टर रूमची सिस्टर आहे. लहान मुलाचा कणा वाकायला लागला की धडाला प्लास्टरचं जाकीट घालायचं, ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती आम्ही अजून वापरतो. पोटावर टॉवेलची घडी ठेवून वरून प्लास्टर गुंडाळायचं आणि ते सुकलं की घडी ओढून काढायची. जेवल्यावर पोटाला तेवढी जागा मिळते.

नातीला घेऊन आलेल्या त्या सौदी आजीबाईंना माझी घडी पसंत पडली नाही.

"हे काय चिमणीचं पोट आहे?" अरबीत गरजत त्यांनी पिशवीतून स्वतःची जाड शाल काढली.

"खाला, एवढी जागा सोडली तर जाकीट सैल पडेल. मग पाठ सरळ कशी होणार?"

"पाठ तुमची, पोट माझं. पोरगी आधीच दोन घास खाते. आत उपाशी राहिली तर सरळ पाठीचं काय लोणचं घालू?"

शेवटी शालीऐवजी दोन टॉवेलांवर तडजोड झाली. घडी काढल्यावर आजींनी त्या फटीत मनगटापर्यंत हात घातला, दुसऱ्या हाताने नातीला खजूर भरवला आणि तो पोटात पोचल्याची खात्री होईपर्यंत हात काढला नाही.

काही महिन्यांनी दोघी जाकीट बदलायला आल्या तेव्हा डॉक्टर एक्सरे बघून खूश झाले. आजींनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाठीसाठी अख्खं हॉस्पिटल होतं. पोटासाठी त्या एकट्याच. त्यांनी फटीत हात घालून दाखवला. जेमतेम बोटंच आत शिरली.

"आता," त्या मला म्हणाल्या, "शाल."