भाऊजी आणि उरलेल्या तीन फळ्या

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा लाकडाला पॉलिश करतो. दारं, जिने, टेबलं, आणि गेली वीस वर्षं मुख्यतः डेक, म्हणजे घरामागचे लाकडी फळ्यांचे ओटे. अर्ध्या गावाच्या डेकवरून भाऊजींचा ब्रश फिरलाय. स्वतःच्या घरामागचा डेक मात्र अकरा वर्षं तसाच पडून होता. फळ्या राखाडी पडल्या, कडेला शेवाळ धरलं, जुन्या रंगाचे पोपडे चपलेला चिकटून स्वयंपाकघरात यायला लागले. ताईचं तोंड सांगून सांगून दुखलं आणि शेवटी तिने सांगणंच सोडलं. ताई गप्प झाली की घाबरायचं असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. भाऊजींना अजून कळायचंय.

मेहुणी असल्यामुळे त्यांची थट्टा करायचा परवाना मला त्यांच्या लग्नातच मिळाला, आणि मी तो कधी वाया जाऊ दिला नाही. पण कामाला माणूस सोन्यासारखा. लाकूड तयार झालं की नाही हे ते डब्यावर छापलेलं वाचून ठरवत नाहीत. बोटाने पाण्याचा थेंब टाकतात आणि मनात वीस आकडे मोजतात. वीसच्या आत थेंब जिरला तर ठीक. नुसता बसून राहिला तर जुना रंग अजून आत आहे, पुन्हा घासायचं. दुसरा नियम त्याहून मोठा. ब्रश उचलायच्या आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. हा नियम त्यांनी जेवताना मला इतक्यांदा ऐकवलाय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांची मुलगी बारकी. वय सव्वीस, उंची बापापेक्षा वीतभर जास्त, तरी बारकीच. विमा कंपनीच्या ऑफिसात चार वर्षं टेबलामागे बसून ती कंटाळून गेली होती. दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकून ती बापाबरोबर कामावर जायला लागली. संध्याकाळी केसांत भुसा घेऊन यायची आणि इतकी खूश असायची की ताईला आधी वाटलं, पोरगी कोणाच्या प्रेमात पडली. पडली होती, पण लाकडाच्या. भाऊजी तिला घासू देत, धुऊ देत. शेवटचा हात आणि गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र त्यांच्याकडे. गिऱ्हाईक माझं तोंड बघून काम देतं, असं त्यांचं म्हणणं. त्या तोंडात काय आहे ते मी तीस वर्षं शोधतेय.

रजा संपत आली तेव्हा एका विश्रामगृहाच्या मालकीणबाईंचा फोन आला. बारा खोल्या, प्रत्येक खोलीला डेक. भाऊजींनी चार नामांकित घरांचे पत्ते द्यायची तयारी दाखवली, तर बाई म्हणाल्या, लोकांचं नको, तुमच्या स्वतःच्या घरचा दाखवा. पुढच्या शनिवारी चार वाजता येते. भाऊजींचा चेहरा उतरला. ताईने त्या दिवशी गोड शिरा केला.

रात्री जेवताना भाऊजींनी निकाल दिला. हे काम मिळालं तर दोघांना पुरेल, बारकीने राहावं. नाही मिळालं तर त्यानंतरच्या सोमवारी मुकाट्याने ऑफिस. बारकीने ताट धुतलं आणि मागे जाऊन फळ्या मोजून आली. तिला हे काम किती हवं होतं ते मला त्या मोजण्यावरून समजलं.

सोमवारपासून बापलेक कामाला भिडले. रंग काढायचं औषध फासलं, तासाभराने जाड ब्रशने रेषांच्या दिशेने घासलं, पाईपने धुतलं. फळ्या काळ्याठिक्कर पडल्या. मी म्हटलं, झालं, होतं तेही घालवलंत. बारकी हसली आणि तिने दुसरं औषध ओतलं, उजळायचं. माझ्या डोळ्यांदेखत त्या काळ्यातून मधाचा रंग वर आला. मी पन्नाशीची बाई, पण टाळी वाजवली.

शुक्रवारी काचपेपर मारून झाल्यावर भाऊजी म्हणाले, बास, उद्या दुपारी स्टेन, म्हणजे तो लाकडात मुरणारा तेलाचा रंग. बारकीने दाराजवळच्या फळीवर थेंब टाकला. वीस झाले, तीस झाले, थेंब आपला बसलेला. भाऊजी म्हणाले, एवढं कोण बघतंय. बारकी गुडघ्यावर बसली आणि अंधार पडेपर्यंत ती एक फळी घासत राहिली.

शनिवारी भाऊजींनी तिला आंघोळीला पिटाळलं आणि एकट्याने ब्रश हातात घेतला. शेवटचा हात त्यांचाच ना. इतर सगळ्या डेकना पलीकडच्या टोकाला बागेत उतरायच्या पायऱ्या असतात. म्हणून ते घराच्या भिंतीपासून सुरू करतात, मागे मागे सरकत पायऱ्यांवरून खाली उतरतात. हात सवयीचा, चाल सवयीची. फक्त या घराच्या पायऱ्या त्यांनीच दोन वर्षांपूर्वी काढून टाकल्या होत्या, कारण शेजारचा कुत्रा वर येऊन चपला पळवायचा. तिथे आता छातीएवढा कठडा होता, आणि कठड्याखाली ताईचे गुलाब, काट्यांसकट.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. ते अर्ध्यावर आले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हाक मारणार, तेवढ्यात ताईने माझा दंड धरला.

"गप्प राहा," ती हळूच म्हणाली. "बसू दे त्यांना थोडा वेळ एका जागी. आज पोरीला बोलू दे."

साडेतीनला भाऊजी कठड्याला टेकले आणि मागे वळून बघितलं. समोर ओला, चकाकणारा डेक, पाठीला कठडा, पायाखाली कोऱ्या तीन फळ्या. मी तो चेहरा मरेपर्यंत विसरणार नाही. शिडी सुताराने सकाळीच नेली होती, ती संध्याकाळी यायची होती. ओल्यावरून चालत या आणि ठसे पुसा, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोरी करायला सांगितली.

चारच्या ठोक्याला मालकीणबाई आल्या. बारकी ओल्या केसांनी दारात उभी राहिली. बाईंनी डेक बघितला, मग टोकाला उकिडवे बसलेले भाऊजी बघितले, आणि विचारलं, ते तिथे काय करतायत? मी मनात म्हटलं, आता काहीतरी थाप मार पोरी.

"ते माझे बाबा," बारकी म्हणाली. "चुकून अडकलेत. ओल्यावर पाय देणार नाहीत, म्हणून बसलेत."

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी विचारलं, स्टेन टिकेल कशावरून? बारकीने पाण्याची बाटली डेकवरून बापाकडे फेकली. भाऊजींनी झेलली.

"बाबा, कोऱ्या फळीवर थेंब टाका. मोठ्याने मोजा."

आणि माझे भाऊजी, गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या कोणाला शब्द बोलू न देणारे, शाळेतल्या पोरासारखे मोजायला लागले. बाराला थेंब जिरला. बारकीने बाईंना त्यातलं सगळं समजावलं. कालची ती हट्टी फळीही दाखवली, "इथे मी चुकणार होते" हेही सांगितलं. खरं तर चुकणार होते तिचे बाबा. बोलता बोलता तिने स्टेन पुसलेली तेलकट फडकी एकेक करून दोरीवर पसरली, कारण गोळा करून टाकली तर ती आपोआप पेट घेतात. बाई त्या फडक्यांकडेच बघत राहिल्या. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते. माझेही, उगाच कशाला लपवू.

जाताना बाई भाऊजींना लांबूनच म्हणाल्या, "काम तुमचं. दोघं या. पण सुरुवात कुठून करायची ते मुलगी ठरवेल."

त्या गेल्यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की ताईला भिंत धरावी लागली. भाऊजीही हसले, पण जपून, पाय घसरू नये म्हणून. सहाला शिडी आली. ते गुलाबांवरून खाली उतरले, दोन काटे लागलेच. बारकी ब्रश त्यांच्या हातात द्यायला गेली, तर त्यांनी तिचाच हात तिच्याकडे परत वळवला. उरलेल्या तीन फळ्यांना शिडीवरून, कठड्याच्या गजांमधून, तिने शेवटचा हात दिला. ते खाली शिडी धरून उभे होते आणि एकदाही काही म्हणाले नाहीत, हे आमच्या घरात अजून कोणाला खरं वाटत नाही.

सोमवारी बारकी ऑफिसला गेली, पण राजीनामा द्यायला. मंगळवारी विश्रामगृहाच्या पहिल्या खोलीवर मी त्यांचा डबा द्यायला गेले. भाऊजी डेकच्या मधोमध उभे होते. त्यांनी भिंत बघितली, पायऱ्या बघितल्या, मग मागे वळले.

"बारके," ते म्हणाले, "कुठून सुरू करू?"