डरे सो खून

आर्या, निहार, आज सकाळी भिजवलेले शेंगदाणे उपसले, आणि त्या ओलसर, मातकट वासानं मला थेट माकडांच्या पिंजऱ्यांपाशी नेऊन उभं केलं. निमित्त तुझंच, आर्या. काल तू रक्ताचा रिपोर्ट पाठवलास. एका आकड्यापुढे ‘मर्यादेबाहेर’ सांगणारी चांदणी होती, आणि खाली तुझा प्रश्न: आजी, मी नॉर्मल नाही का?

हे ‘नॉर्मल’ येतं कुठून, याचा कधी विचार केलात? मी ते तयार होताना पाहिलं आहे. इथल्याच एका प्रयोगशाळेत निरोगी माकडांचं रक्त तपासून पांढऱ्या पेशींच्या, साखरेच्या मर्यादांचा तक्ता ठरवायचं काम माझ्याकडे होतं. पुढे आजारी माकड ओळखायचं ते याच तक्त्यावरून. वर्षभर ठरल्या वेळी, ठरल्या सुईनं रक्त घेतलं. आकडे एकमेकांशी इतके जुळले, की मला माझ्या टापटिपीचा अभिमानच वाटू लागला!

माकडांची देखभाल सलीमभाई करायचे; वेरूळच्या वाटेवरचं गाव, बोलणं निम्मं दखनी. मी तक्त्यावर सही करणार, तेवढ्यात ते वहीत डोकावले आणि सावकाश म्हणाले, “मॅडम, ये तो डरे सो खून है.”

घाबरलेलं रक्त! मी हसले. मग आठवलं: आम्ही चौघं पांढऱ्या कोटांत शिरायचो, त्या जिवाला जाळीशी दाबून धरायचो. भयानं पेशी वाढतात, साखर चढते, हे मी पुस्तकात शिकले होते. आकडे जुळत होते, कारण सगळी सारखीच भ्यालेली होती. हा तक्ता पुढे गेला असता, तर शांत बसलेलं, पण आजारानं पेशी वाढलेलं माकडही त्यात निरोगी ठरलं असतं. निर्भय रक्त कसं असतं, हे आमच्यापैकी कुणी पाहिलं होतं?

मी सही केली नाही. प्रयोगशाळेचे साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. सलीमभाईंनी मात्र तळहातावर भिजवलेले शेंगदाणे ठेवून एकेका माकडाला सुईसाठी आपणहून हात जाळीबाहेर काढायला शिकवलं. मॅडमपेक्षा ही लवकर शिकतात, असा टोमणाही मारला. नवे आकडे खाली उतरले.

तेव्हा आर्या, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवच. पण मला एवढं कळव, सुई टोचली तेव्हा तुझा हात कुणी धरला होता?

सलीमभाई आता नाहीत, ती प्रयोगशाळाही नाही. वही आहे. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर लाल रेघ आहे, आणि समासात माझ्या अक्षरात त्यांचे तीन शब्द.